अमेरिकेतला ओटीए कोर्स कसा आहे, आणि कॉलेज निवडताना काय तपासावं

ऑक्युपेशनल थेरपी म्हणजे आजारानंतर किंवा दुखापतीनंतर रुग्णाला रोजची कामं पुन्हा करता यावीत यासाठीचे उपचार. त्यातला असिस्टंट, म्हणजे ओटीए, होण्याचा अमेरिकेतला नेहमीचा रस्ता म्हणजे दोन वर्षांची असोसिएट डिग्री. माहितीपत्रकात 'दोन वर्षं' लिहिलेलं असतं, पण बहुतेक कॉलेजं प्रवेशाआधीच ॲनाटॉमी-फिजिऑलॉजी लॅबसकट, इंग्रजी रचना, मानसशास्त्र असे विषय पूर्ण करून मागतात. शून्यापासून सुरुवात करणाऱ्याने अडीच ते तीन वर्षं धरावीत. थिअरीत कॉलेजाकॉलेजात फारसा फरक नसतो, कारण देशभर मानकं ठरवणारी संस्था एकच, एकोट. फरक असतो तो स्किल्स लॅबमध्ये आणि सोळा आठवड्यांच्या फील्डवर्कमध्ये, म्हणजे प्रत्यक्ष रुग्णांसोबतच्या प्रशिक्षणात. एखादा कोर्स चांगला की सुमार, हे तिथेच ठरतं.

सुरुवातीला एक घोळ मिटवू. 'असिस्टंट' आणि 'एड' ही दोन वेगळी कामं आहेत. ऑक्युपेशनल थेरपी एड हायस्कूलनंतर कामावरच शिकतो. सामान लावणं, खोली तयार ठेवणं, रुग्णाला आणणं-नेणं हे त्याचं काम, उपचार देणं नाही. 'रिहॅब टेक' किंवा 'थेरपी एड' अशा नावांची काही आठवड्यांची सर्टिफिकेट मिळतात. ती वाईट नाहीत, पण त्यांतून ओटीएचं लायसन्स कधीच मिळत नाही. दुसरं, भारतात बीओटीएच (ऑक्युपेशनल थेरपीची, म्हणजे ओटीची पदवी) करून आलेल्यांना वाटतं की पदवी आहेच, तर निदान असिस्टंटची परीक्षा थेट देता येईल. तसं होत नाही. ओटीएच्या राष्ट्रीय परीक्षेला मान्यताप्राप्त ओटीए कोर्सची पदवीच लागते. परदेशी ओटी पदवीची पडताळणी ही पूर्ण थेरपिस्टच्या परीक्षेसाठीची निराळी प्रक्रिया आहे, आणि अशा पदवीधरांनी आधी तीच तपासावी.

कामाची विभागणी नीट समजली की कोर्समधली निम्मी कोडी सुटतात. मूल्यमापन ओटी, म्हणजे पूर्ण थेरपिस्ट, करतो, उपचारांची योजना तोच आखतो आणि डिस्चार्जचा निर्णयही त्याचाच. योजनेतलं ध्येय रोजच्या सत्रात उतरवण्याचं काम ओटीएचं. समजा, अर्धांगवायूनंतर उजव्या हाताने शर्टाची बटणं लावता यावीत असं ध्येय आहे. आज मोठी बटणं घ्यायची की लहान, शर्ट टेबलावर पसरून सराव घ्यायचा की अंगावर, बसून की उभ्याने, दहा मिनिटांनी थकवा दिसला तर काय सोपं करायचं, हे ओटीए ठरवतो. ठरावीक चाचणीचं कौशल्य सिद्ध झालं असेल तर ती चाचणीही तो घेऊ शकतो, पण निकालाचा अर्थ ओटी लावतो. फक्त हुकूम पाळणारा मदतनीस, असं या कामाबद्दल कोणी सांगत असेल तर त्याने हे काम जवळून पाहिलेलं नाही.

आता कॉलेज. पहिली तपासणी मान्यतेची, आणि तिथले शब्द नेमके वाचायचे. 'कँडिडसी' आणि 'प्रीॲक्रेडिटेशन' या पायऱ्या आहेत, पूर्ण मान्यता नव्हे. नव्या कोर्सच्या पहिल्या तुकडीला मान्यता मिळेपर्यंत परीक्षेला बसता येत नाही, म्हणजे कॉलेजची गाडी अडली की विद्यार्थ्याचीही अडली. 'प्रोबेशन' असा शेरा असला तर कोर्स अजून मान्यताप्राप्त असतो, पण तो शेरा का आला हे विचारायलाच हवं.

दुसरी तपासणी निकालाची. एकोटची अट अशी, की गेल्या तीन वर्षांत पदवीनंतर बारा महिन्यांच्या आत परीक्षा देणाऱ्यांपैकी सरासरी किमान ८० टक्के पास झालेले असावेत. यातली मेख बहुतेकांच्या नजरेतून सुटते: किती प्रयत्नांत पास झाले, हे यात मोजत नाहीत. तिसऱ्या प्रयत्नात पास झालेलाही पासच. म्हणून पहिल्याच प्रयत्नात किती पास झाले, हे स्वतंत्रपणे विचारा. त्याच्याच शेजारी दुसरा आकडा ठेवा: किती जण आत आले आणि किती जण पदवी घेऊन बाहेर पडले. तीन वर्षांचा हा आकडा कोर्सला जाहीर करावाच लागतो. निकाल ९५ टक्के असेल आणि तुकडीतले निम्मे विद्यार्थी वाटेतच गळाले असतील, तर त्या निकालामागे चांगलं शिकवणं कमी आणि चाळणी जास्त आहे.

फीबद्दल थोडक्यात: कम्युनिटी कॉलेज आणि खाजगी कॉलेज यांच्या फीमध्ये मोठी तफावत असते आणि शेवटी हातात पडणारं लायसन्स तेच असतं. कम्युनिटी कॉलेजात जागा कमी, प्रतीक्षायादी लांब. एक वर्ष थांबून ते वर्ष आधीच्या विषयांत घालवणं बहुतेकांना परवडतं, मोठं कर्ज परवडत नाही. खाजगी कॉलेजला सरसकट नावं ठेवायची नाहीत. काहींची लॅब आणि फील्डवर्कची व्यवस्था खरोखर उत्तम असते, तेव्हा भेट देऊन पाहावं.

लॅब पाहायला जाल तेव्हा चकचकीत उपकरणांवर जाऊ नका. खरा बाथटब, खरा कमोड, चालू शेगडी असलेलं स्वयंपाकघर, हॉस्पिटलचा उंची बदलणारा पलंग आणि वेगवेगळ्या मापांच्या व्हीलचेअर हे आहे का ते बघा. मग विचारा, एका शिक्षकामागे लॅबमध्ये किती विद्यार्थी असतात. हात कसा पडतो आहे हे शिक्षकाला दिसलंच नाही, तर चुकीचीच सवय पक्की होते.

ट्रान्सफरचं उदाहरण घ्या, म्हणजे रुग्णाला पलंगावरून व्हीलचेअरवर नेणं. खुर्ची पलंगाशी ३० ते ४५ अंशांच्या कोनात, शक्यतो रुग्णाच्या चांगल्या बाजूला. दोन्ही ब्रेक लावलेले, पाय ठेवायच्या पट्ट्या बाजूला वळवलेल्या किंवा काढलेल्या. रुग्णाच्या पायात न घसरणारे बूट, कमरेला गेट बेल्ट (रुग्णाला धरण्यासाठीचा पट्टा) घट्ट. रुग्णाने पुढे सरकून काठावर बसायचं, पावलं गुडघ्यांच्या किंचित मागे, मग नाक पावलांच्या पुढे जाईल इतकं वाकायचं आणि उठायचं. कमजोर गुडघ्याला थेरपिस्टने आपल्या गुडघ्याने आधार द्यायचा. क्रम वाचायला सोपा आहे. चुका होतात त्या ठरलेल्या: एकाच बाजूचा ब्रेक लागलेला असतो, पट्टी तशीच राहते आणि नडगीची कातडी सोलवटते. सगळ्यांत वाईट म्हणजे घाईत कमजोर हात धरून रुग्णाला ओढलं जातं. अर्धांगवायूत खांद्याचे स्नायू सैल पडलेले असतात, सांधा आधीच निसटू पाहत असतो. असा एक झटका महिनोन् महिन्यांचं दुखणं देऊन जातो. चांगल्या कोर्समध्ये ही कृती शिकवून थांबत नाहीत. अंध रुग्ण, घाबरलेला रुग्ण, सूचना न समजणारा रुग्ण, वजनाने दुप्पट रुग्ण अशा भूमिका देऊन ती पुन्हा पुन्हा करून घेतात आणि सुरक्षेची एकही पायरी चुकली तर नापास करतात. ही कडक शिस्त असलेलं कॉलेज निवडा.

स्प्लिंट, म्हणजे हाताला आधार देणारा साचा, हा दुसरा कस. थर्मोप्लास्टिकचा (उष्णतेने मऊ होणाऱ्या प्लास्टिकचा) तक्ता साधारण ६५ ते ७५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात मऊ करायचा, टॉवेलवर टिपायचा, आपल्या हातावर उष्णता तपासायची आणि मगच रुग्णाच्या हातावर ठेवायचा. त्यानंतर आकार द्यायला मोजकीच मिनिटं मिळतात. मनगटाच्या स्प्लिंटची लांबी कोपराखालच्या हाताच्या सुमारे दोन-तृतीयांश, खोली घेराच्या निम्मी, आणि तळहाताकडची कड बोटांखालच्या आडव्या रेषेच्या अलीकडे संपलेली, नाहीतर बोटं मिटतच नाहीत. नवशिके तक्ता ओढून पातळ करतात, अंगठ्याने दाबून खळगे पाडतात आणि मनगटाबाहेरच्या हाडाच्या उंचवट्यावर स्प्लिंट रुतू देतात. मग त्या जागी आतून फोम चिकटवतात. त्याने दाब कमी होत नाही, वाढतो. फोम आकार देण्याआधीच हाडावर ठेवायचा, म्हणजे प्लास्टिकमध्ये त्याच्यापुरती जागा तयार होते. स्प्लिंट घातल्यावर २० ते ३० मिनिटांनी काढून कातडी पाहायची आणि लाली लवकर ओसरत नसेल तर स्प्लिंट दुरुस्त करायचा. कॉलेजला सरळ विचारा: प्रत्येक विद्यार्थी स्वतःच्या हाताने किती स्प्लिंट बनवतो? 'गटात एक' हे उत्तर पुरेसं नाही.

सांध्यांची हालचाल मोजणं आणि स्नायूंची ताकद ० ते ५ अशी ठरवणं हे तर रोजचं. इथली चूक अशी की खांदा वर नेताना रुग्ण पाठ मागे कलवतो आणि गोनिओमीटरवर (सांध्याचा कोन मोजायच्या साधनावर) १५-२० अंश फुकट वाढतात. ताकदीत २ आणि ३ यांतला फरक पाठ असतो, पण २ तपासताना हात आडवा ठेवून गुरुत्वाकर्षण वगळायचं असतं हे प्रत्यक्षात विसरलं जातं. यावर उपाय एकच, निरनिराळ्या शरीरांवर सराव. वर्गमैत्रिणीच्या निरोगी कोपरावर वर्षभर मोजून काही हाती लागत नाही.

या शिक्षणाचा गाभा मात्र ॲक्टिव्हिटी ॲनालिसिस आहे, आणि विज्ञान शाखेतून आलेल्यांना तो सुरुवातीला पोरखेळ वाटतो. सँडविच बनवणं या कृतीचे पंचवीस-तीस तुकडे करायचे: फ्रिजचं दार ओढताना तोल किती लागतो, बरणीचं झाकण उघडताना दोन्ही हातांचं काम काय, पुढची पायरी आठवते का, सुरीकडे लक्ष आहे का. मग तीच कृती एक पायरी सोपी आणि एक पायरी अवघड करायची. सोपी करताना रुग्णाचं काम आपणच उरकलं, तर ते सोपं करणं नव्हे. ही समज ज्याला आली तो चांगला ओटीए होतो. इतर कौशल्यं सरावाने येतात.

नोंदी लिहिणं कंटाळवाणं असलं तरी पगार त्यावरच चालतो, आणि पुष्कळ कोर्समध्ये तो भाग पातळ असतो. 'रुग्णाने छान सहकार्य केलं' या वाक्याला विमा कंपनीच्या लेखी किंमत शून्य. 'पलंगाच्या काठावर बसून शर्ट घालताना मध्यम मदत लागली, डावी बाही शोधायला तीन वेळा तोंडी सूचना द्यावी लागली' असं लिहिलं की कुशल मदतीची गरज दिसते. मध्यम मदत म्हणजे रुग्ण ५० ते ७४ टक्के काम स्वतः करतो, किमान मदत म्हणजे ७५ टक्के किंवा जास्त. हे शब्द सैल वापरले की पुढच्या आठवड्यात प्रगती दाखवायला जागाच उरत नाही. मेडिकेअर, म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्य विमा, याचा मिनिटांचा नियमही कोर्समध्येच पक्का व्हावा: वेळेवर मोजल्या जाणाऱ्या उपचारात ८ ते २२ मिनिटांचं बिलाचं एक युनिट, २३ ते ३७ ची दोन, ३८ ते ५२ ची तीन.

फील्डवर्कचे दोन टप्पे. लेव्हल वनला एकोटने किमान तासांची अट घातलेली नाही, शिवाय ते सिम्युलेशनवर किंवा शिक्षकांसोबतच्या भेटींतूनही भरून काढता येतं. त्यामुळे एका कॉलेजात विद्यार्थी पहिल्याच वर्षी खऱ्या रुग्णांजवळ बसतो, तर दुसरीकडे व्हिडिओ पाहून निबंध लिहितो. प्रवेशाआधी विचारण्यासारखा सर्वांत उपयोगी प्रश्न हाच, की लेव्हल वनपैकी किती भाग प्रत्यक्ष रुग्णांसोबत होतो.

लेव्हल टू म्हणजे किमान सोळा आठवडे पूर्णवेळ, बहुधा आठ-आठ आठवड्यांच्या दोन जागा. हे सुमारे ६४० तास होतात आणि सहसा एक पैसाही मिळत नाही. नोकरी सांभाळून कोर्स करणारे याच ठिकाणी कोसळतात. अर्धवेळ करण्याची मुभा आहे, पण त्या जागेच्या पूर्णवेळ तासांच्या निम्म्याहून कमी नाही, आणि जागेने मान्य केलं तरच. सोळा आठवड्यांच्या घरखर्चाची तजवीज पहिल्या सत्रापासूनच करावी लागते. जागा आपण शोधायची नसते, ती कॉलेजचा फील्डवर्क समन्वयक देतो. म्हणून त्याच्याकडे किती संस्थांशी करार आहेत, त्या घरापासून किती लांब आहेत आणि गेल्या तुकडीत जागा न मिळाल्याने किती जणांची पदवी लांबली, हे विचारायलाच हवं. उत्तर गोलमोल आलं तर तीच धोक्याची खूण.

जाण्याआधीची कागदपत्रं हाही नेहमीचा सापळा. हेपटायटिस बीच्या तीन लसी नेहमीच्या वेळापत्रकाने सहा महिन्यांत पूर्ण होतात, म्हणून प्रवेश मिळताच पहिली घ्यावी. क्षयरोगाची दोन टप्प्यांची चाचणी मागितली तर दोन्हींमध्ये एक ते तीन आठवडे जातात. त्याखेरीज सीपीआर, ड्रग टेस्ट आणि पोलिस नोंदींची तपासणी. जुना गुन्हा नोंदवलेला असेल तर लपवू नये. परीक्षा घेणारी एनबीकॉट ही संस्था प्रवेशाआधीच आपली पात्रता तपासून देते. दोन वर्षांची फी भरून मग अपात्र ठरण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

जागेवर गेल्यावर पहिले एक-दोन आठवडे निरीक्षण, चौथ्या आठवड्याच्या आसपास मध्यावधी मूल्यमापन, आणि शेवटी नव्या ओटीएइतके रुग्ण स्वतः सांभाळता येणं ही अपेक्षा. मूल्यमापनाच्या तक्त्यात १ ते ४ गुण असतात. त्यात नीतिमत्ता आणि सुरक्षेच्या मूलभूत मुद्द्यांवर किमान ३ मिळालेच पाहिजेत. तिथे कमी पडलं तर बाकीची बेरीज कितीही चांगली असली तरी उपयोग नाही. नापास होण्याची कारणं बहुतेकदा ज्ञानाची नसतात. ब्रेक न लावता रुग्णाकडे पाठ फिरवणं, नोंदी दुसऱ्या दिवसावर ढकलणं, 'समजलं' म्हणून मान डोलावणं आणि न समजताच पुढे जाणं, ही खरी कारणं. मोठ्यांना उलट प्रश्न विचारू नये असं वळण लागलेल्या मुलांनी हे खास ध्यानात घ्यावं: इथे प्रश्न न विचारणं हीच बेफिकिरी समजली जाते. जागेचं वातावरण खरोखर वाईट असेल तर आठवा आठवडा उजाडायची वाट न पाहता समन्वयकाला लेखी कळवावं.

त्यानंतर एनबीकॉटची कोटा (प्रमाणित ओटीए) परीक्षा. वेळ चार तास, केंद्र प्रोमेट्रिक या परीक्षा घेणाऱ्या कंपनीचं, गुण ३०० ते ६०० च्या मोजपट्टीवर आणि पास होण्यासाठी ४५०. ही टक्केवारी नव्हे, त्यामुळे 'इतके प्रश्न बरोबर आले की पास' असा हिशेब मांडत बसू नये. नेहमीच्या एक-उत्तरी प्रश्नांखेरीज सहा पर्यायांतून तीन निवडायचे प्रश्न येतात. पाठांतरावर भर देणारे इथे अडतात, कारण प्रश्न 'काय आहे' असा नसून 'आधी काय कराल' असा असतो. उदाहरणार्थ: खुबा बदललेला, मागून शस्त्रक्रिया झालेला रुग्ण खाली वाकून मोजे घालू लागतो. आधी काय? वाकणं थांबवून खुबा ९० अंशांपुढे न वाकवण्याची मर्यादा समजावणं आणि सॉक एड (न वाकता मोजे घालायचं साधन) देणं हे बरोबर. योजनेत स्वतःच नवं ध्येय घालणं हा पर्यायही तिथे असतो, आकर्षक दिसतो, आणि तो असिस्टंटच्या अधिकाराबाहेरचा आहे. चुकीच्या उत्तरांची वही ठेवताना 'माहिती नव्हती', 'प्रश्न नीट वाचला नाही' आणि 'अधिकाराची हद्द चुकली' अशी विभागणी करा. तिसऱ्या रकान्यात किती चुका साठतात ते पाहून पुष्कळांचे डोळे उघडतात. एनबीकॉटचे स्वतःचे सराव संच खऱ्या परीक्षेच्या भाषेला सर्वांत जवळचे, ते शेवटच्या महिन्यासाठी राखून ठेवावेत.

आपल्याकडच्या नावांची अडचण इथे हमखास येते. पासपोर्टवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव पहिल्या नावाला जोडलेलं, ड्रायव्हिंग लायसन्सवर वेगळं, कॉलेजच्या दाखल्यावर तिसरंच. अर्जातलं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव जुळलं नाही तर केंद्राच्या दारातून परत जावं लागतं आणि फीही बुडू शकते. अर्ज भरण्याआधी एकच रूप सगळीकडे करून घ्या.

पास झालं म्हणजे काम करता येतं असं नाही. त्यासाठी राज्याचं लायसन्स हवं, आणि प्रत्येक राज्याचे नियम वेगळे. टेक्सासमध्ये राज्याच्या कायद्यावरची वेगळी चाचणी द्यावी लागते. देखरेखीचे तास, सह्या, ओटीची प्रत्यक्ष हजेरी हेही राज्यागणिक बदलतं. मेडिकेअरने जानेवारी २०२५ पासून खाजगी प्रॅक्टिसमध्ये ओटीच्या सामान्य देखरेखीला मान्यता दिली, म्हणजे ओटी त्याच इमारतीत असण्याची सक्ती राहिली नाही. पण राज्याचा नियम कडक असेल तर तोच लागू. बाह्यरुग्ण सेवेत ओटीएने दिलेल्या उपचारांना मेडिकेअरकडून २०२२ पासून नेहमीच्या दराच्या ८५ टक्केच मोबदला मिळतो, हेही माहीत असावं. काही क्लिनिक नव्या असिस्टंटला घ्यायला का कचरतात, त्याचं हे एक कारण.

'पुढे ओटी होऊ' या आशेने हा कोर्स घेणाऱ्यांनी हिशेब आधीच मांडावा. ओटीला मास्टर्स किंवा डॉक्टरेट लागते. असोसिएट डिग्रीचे सगळे क्रेडिट पुढे धरले जात नाहीत, मध्ये बॅचलर्स करावी लागते. ओटीएंसाठी खास ब्रिज कोर्स आहेत, पण मोजके. ओटीच व्हायचं पक्कं असेल तर सरळ त्याच रस्त्याला लागणं स्वस्त पडतं. रोज रुग्णांसोबत हाताने काम करायचं आहे, कमी वर्षांत आणि आटोक्यातल्या खर्चात परवानाधारक व्हायचं आहे, त्यांच्यासाठी मात्र ओटीए कोर्ससारखा दुसरा सौदा आरोग्यक्षेत्रात फार थोडा सापडेल. कोटा ही ओळख पुढे दर तीन वर्षांनी नूतनीकरण करावी लागते, त्यासाठी ३६ युनिट शिक्षण लागतं. राज्याची शिक्षणाची अट आणि मुदत वेगळी असू शकते, तेव्हा दोन्ही तारखा पहिल्याच दिवशी शेजारी शेजारी लिहून ठेवा.